भंडारदऱ्याचा पाऊस, प्रवरेचं पाणी आणि आपण शनिवार-रविवारवाले

ओलीचिंब_ठाणेकर (धागाकर्ती)

मागच्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला जाऊन आलो. चौघं, एक गाडी, आणि परत येताना कपड्यांचा एकही जोड कोरडा नाही. फोटो टाकत नाही, सगळे सारखेच आलेत: पांढरे. ढग रस्त्यावरच बसलेला. मधूनच एखादी म्हैस त्यातून बाहेर यायची, आमच्याकडे बघायची आणि परत आत जायची.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. धरणाकाठच्या रतनवाडीत ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशी चुलीशी नागलीच्या भाकरी थापत होत्या. वर दोरीवर आमचे मोजे वाळत होते, म्हणजे धुरकटत होते. बाहेर पागोळ्या अशा लागलेल्या की पन्हळीखाली ठेवलेली घागर बघता बघता भरून वाहायला लागली. मी आपलं सहज म्हटलं, "मावशी, तुम्हाला पाण्याचं काय कमी!" त्यांनी भाकरी उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मे महिन्यात ये बाई. मंग दावते."

नंतर त्यांच्या सुनेने सांगितलं. उन्हाळ्यात विहिरीच्या तळाला उतरायचं, वाटीने पाणी गोळा करायचं, हंडा भरायला तासभर. आणि दारातून समोर दिसतंय काय, तर अकरा टीएमसीचं धरण.

परतीच्या वाटेवर कसारा घाटात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा हेच डोक्यात होतं. एवढा पाऊस, एवढं पाणी, दर शनिवारी एवढ्या गाड्या. यातलं त्या गावांत नेमकं उरतं काय? जाणकारांनी लिहावं.

---

घाटवाटा

चांगला धागा. आधी भूगोल सांगतो, म्हणजे पुढचं भांडण नीट करता येईल. :)

नकाशा काढा. घाटघर हे सह्याद्रीच्या अगदी धारेवर आहे. तिथल्या कोकणकड्यावर उभं राहिलात की पायाखाली सरळ शहापूर तालुका. अरबी समुद्रावरून आलेलं ओलं वारं कोकण ओलांडून या भिंतीला थडकतं, वर चढतं, थंड होतं आणि सगळा माल तिथेच उतरवतं. घाटघर-रतनवाडीला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. 'नगरचं चेरापुंजी' उगाच नाही म्हणत. पण तेच वारं पूर्वेला अकोले शहरापर्यंत येईतो रिकामं झालेलं असतं. तिथला पाऊस घाटघरच्या पावपटही नाही. तालुका एकच. एका टोकाला पावसात पाठीवर घ्यायचं इरलं, दुसऱ्या टोकाला ठिबक सिंचन.

दुसरी गोष्ट दगडाची. हा सगळा बसाल्ट, लाव्ह्याचे थर एकावर एक. घट्ट थरात पाणी मुरत नाही, उतारावर माती पातळ. जुलैत पडलेला पाऊस आठवड्याभरात ओढ्याने धरणात जातो. जमिनीत साठा होतच नाही, म्हणून फेब्रुवारीत झरे आटतात आणि एप्रिलमध्ये विहिरी. मावशींचं म्हणणं शंभर टक्के खरं. धरणाचं पाणी दिसतं समोर, पण गाव वर आणि पाणी खाली. त्यात उन्हाळ्यात पातळी उतरते तेव्हा काठापासून पाण्यापर्यंत नुसता चिखलाचा पट्टा.

प्रवरा उगम पावते रतनगडाच्या कुशीत, म्हणजे रतनवाडीच्या डोक्यावर. शेंडी गावाजवळ तिला भिंत घातली. विल्सन धरण, म्हणजेच आपलं भंडारदरा, काम सुरू १९१०, पुरं झालं १९२६, उंची २७० फुटांच्या घरात, सगळं दगडी बांधकाम. भिंतीला मागून जे जाडजूड टेकू दिसतात ते मूळचे नाहीत. १९६९ मध्ये भिंतीला तडे आढळले, त्यानंतर मजबुतीकरण झालं तेव्हाचे.

---

वीकेंड_प्लॅन

मस्त माहिती! १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आहे. लेक व्ह्यू असलेलं हॉटेल सुचवा, ६ मोठे २ लहान, जेवणासकट. अंब्रेला फॉल चालू असेल का?

---

राजूरचा_मास्तर

धागा एका विद्यार्थ्याने पाठवला. मी याच पट्ट्यात शाळेवर होतो, बावीस वर्षं. त्यातली सहा धरणाच्या पलीकडच्या काठाला.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पाण्याच्या वाटेवर आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्ये पेपरात बातमी येते, 'भंडारदरा भरलं'. ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे तेच अकरा टीएमसी. साधारण पंधरा ऑगस्टच्या आसपास भरतं, नाही भरलं तर चर्चा सुरू होते. पण चर्चा कुठे होते बघा. संगमनेरला, राहात्याला, श्रीरामपूरला. इथून सुटलेलं पाणी रंधा धबधब्यावरून उडी मारतं, निळवंड्यात थांबतं (ते ८.३२ टीएमसी), अकोल्यावरून पुढे ओझरच्या बंधाऱ्याला जातं आणि तिथून डावा-उजवा कालवा. इंग्रजांनी धरण बांधलंच मुळी खालच्या दुष्काळी पट्ट्यासाठी. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर साखर. बेलापूरला आधी खासगी कारखाना, मग १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी उभा केलेला देशातला पहिला सहकारी कारखाना. महाराष्ट्राचं अर्धं सहकारी राजकारण या पाण्यावर पोसलंय, आणि पाणी पडतं महादेव कोळी आणि ठाकरांच्या कौलांवर.

आता इथलं अर्थकारण. उन्हाळ्यात राब भाजायचा (पालापाचोळा पसरून वाफा जाळायचा), त्यात जूनमध्ये रोप करायचं आणि जुलैत त्याची आवणी, म्हणजे लावणी. भात, वरच्या उतारावर नागली, वरई, खुरासणी. काळभात नावाचं जुनं वाण आहे, शिजलं की वास शेजारच्या घरात जातो. असली जुनी बियाणी जपली म्हणून कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री मिळाली, त्या आमच्याच तालुक्यातल्या. डांगी जनावरं या पावसासाठीच घडलेली. अंगाला तेलकटपणा असतो, पाणी टिकत नाही, निथळून जातं. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं तेव्हा या कधी. तिथे बैलाच्या पाठीवरून हात फिरवून गिऱ्हाईक तळहात बघतो, तो का, ते कळेल.

पण एवढ्या पावसात पीक एकच. दिवाळीत भात खळ्यावर आला की दुसऱ्या पिकाला पाणी नाही. मग घरं कुलूप लावून नारायणगावला. तिथे सकाळी मजुरांचा बाजार भरतो, टोमॅटो-कांद्याच्या कामाला जोडीने माणसं नेतात. माझ्या वर्गाचा पट जूनमध्ये चाळीस असायचा, जानेवारीत सव्वीस. हजेरीपुस्तकात मी त्या पोरांपुढे काय लिहायचं हा प्रश्न मला दर वर्षी पडायचा.

आणि तुमच्या गाड्या. खोटं कशाला बोलू, त्यांनी फरक पडला. ज्या घरांनी राहण्या-जेवणाची सोय सुरू केली ती घरं जानेवारीत उघडी राहायला लागली.

---

कालव्याच्या_टेलला

मास्तर, मान राखून बोलतो. मी श्रीरामपूर तालुक्यातला, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाचा. आम्ही म्हणजे कुणी साखरसम्राट नाही. अडीच एकर. आवर्तन (कालव्याला पाळीने सोडतात ते पाणी) सुटल्यावर वरचे लोक पाणी उचलतात आणि आमच्याकडे चारी कोरडी. 'साखर खाली, पाऊस वर' हे तुमचं म्हणणं ऐकायला छान आहे, पण खालच्यांतही वरचे-खालचे आहेतच.

शिवाय आमच्याही डोक्यावर आता नदीच्या खालच्या अंगाच्या जायकवाडी धरणाचं ओझं आहे. समन्यायी पाणीवाटपाचा २००५ चा कायदा आणि त्यावरचा २०१४ चा आदेश असं सांगतो की १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांखाली असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ ला सोडलं. नदीत सोडलेलं पाणी वाळूत किती जिरतं ते आम्ही काठावर उभं राहून बघितलंय. प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो, त्यात तुमचं बोट खाली, एवढाच फरक.

---

राजूरचा_मास्तर

> प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो

बरोबर आहे दादा. टेलचं दुखणं मला माहीत आहे, माझी बहीण नेवाशाला दिली आहे. पण एक सांगा, तुमच्याकडे चारी कोरडी राहिली की मोर्चा निघतो, आमदार बोलतो, पेपरात येतं. आमच्याकडे आवर्तनच नाही, तर चुकणार काय? निळवंड्याचंच बघा. मंजुरी १९७० ची, डाव्या कालव्याचं उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२३ ला. त्या कालव्यासाठी दुष्काळी गावं पन्नास वर्षं भांडली, ती खरीच दुष्काळी होती, पाणी मिळालं याचा आनंद आहे. पण घाटघरला वाटीने पाणी भरणाऱ्या बाईसाठी टीएमसी लागत नाही. एक टाकं, एक पंप, आणि त्याचं बिल कोण भरणार याचा कागद. पंप बसतात हो. बिल थकतं आणि वायर कापली जाते.

---

घाटवाटा

घाटघरच्या विजेवरून आठवलं. तिथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, २००८ पासून चालू. एक धरण वर घाटघरला, दुसरं खाली शहापूर तालुक्यात, मध्ये चारशे मीटरहून जास्त उंची आणि डोंगराच्या पोटात वीजघर. रात्री वीज पडून असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. म्हणजे पाणी कोकणातून घाटावर चढवण्याचं तंत्र याच गावात आहे. फक्त ते पाणी नळाला येत नाही.

---

ओलीचिंब_ठाणेकर

हे वाचून दोन मिनिटं गप्प बसले. आम्ही त्या वरच्या धरणाच्या भिंतीवर उभं राहून फोटो काढले होते.

---

केसिकची_सून

मी इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टला राहते, केसिकजवळ. माहेर संगमनेर, त्यामुळे प्रवरेचंच पाणी प्यायलेली. इथे आले तेव्हा सासूबाई फोनवर म्हणाल्या, "तिथे पाऊस फार असतो म्हणे." मी म्हटलं, घाटघरपेक्षा कमीच आहे! आमच्या जवळचं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं गाव मानतात, साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास. फरक एवढाच की घाटघरचा पाऊस चार महिन्यांत सगळा हिशेब चुकता करतो, इथला बाराही महिने सुटे पैसे देत बसतो.

पण पाण्याची गोष्ट थेट सारखी. इथल्या थर्लमिअर तळ्याचं पाणी १८९४ पासून दीडशे किलोमीटरवरच्या मँचेस्टरला जातं. त्यासाठी धरण बांधून तळ्याची पातळी वाढवली, लोकांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. नंतर १९३० च्या दशकात हॉजवॉटरला मार्डेल नावाचं अख्खं गाव बुडवलं. दुष्काळी वर्षी पाणी उतरलं की गावाच्या दगडी भिंती वर येतात आणि ते बघायला गाड्यांची रांग लागते.

आणि पर्यटन. १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान, २०१७ पासून जागतिक वारसा, वर्षाला दीड कोटीच्या वर लोक येतात. पैसा खूप. पण गावातली घरं बाहेरच्यांनी सुट्टीसाठी विकत घेतलेली, हिवाळ्यात खिडक्या अंधाऱ्या. हॉटेलात काम करणाऱ्या पोरांना गावात घर भाड्यानेही परवडत नाही, ती तासभर लांबून येतात. मेंढपाळ टिकले ते अनुदानावर. मास्तर, तुमच्याकडे घरं अजून गावच्याच लोकांची आहेत ना? ती तशी राहतील असं बघा.

---

राजूरचा_मास्तर

ताई, आमच्याकडे कायदा थोडा आडवा येतो, बरं झालं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. शिवाय कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, १९८६ पासून, त्यामुळे बांधकामावर बंधनं. पण माणूस वाट काढतोच. जमीन नावावर नसते, 'करार' असतो. काठावरची सपाट जागा हंगामापुरती घ्यायची, शंभर तंबू ठोकायचे. जागामालक त्याच जागेवर रोजाने चहा वाटतो.

---

खिळा_बूट_दोरी

तंबूवरून माझाही अनुभव. डिसेंबरात 'लेकसाइड कॅम्पिंग' म्हणून इंटरनेटवर आगाऊ पैसे भरले. नाव सांगत नाही, आता ते पेजही नाही. पोचलो तर तिथे पन्नासेक तंबू, दोन संडास, रात्री अकरापर्यंत डीजे. तंबूच्या आत आधीच्या पाहुण्यांचा चिवडा. ज्याने पैसे घेतले तो पुण्यात, फोन बंद. शेवटी मुतखेलच्या एका काकांनी ओटीवर झोपायला जागा दिली. सकाळी त्यांना पैसे विचारले तर म्हणाले, "चहाचे द्या." मी आता कुठल्याही गावात थेट घरीच फोन करून जातो. मध्ये कुणी नाही.

आणि लोकहो, सांदणबद्दल. पावसाळा आला की इथे दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतं, म्हणून स्पष्ट लिहितो: पावसाळ्यात सांदण दरीत उतरायचं नाही. साम्रदला गावकरी नाही म्हणाले तर नाहीच. ती जमिनीला पडलेली भेग आहे, दोन्ही बाजूंना दोन-तीनशे फुटांच्या भिंती, काही ठिकाणी हात पसरले तर दोन्हीकडे लागतात. वर डोक्यावर ऊन असलं तरी मागे डोंगरावर पाऊस पडला की लोंढा येतो, आणि बाजूला चढायला जागाच नाही. डिसेंबर ते मे जा, गावातला वाटाड्या घ्या. तळाला दोन ठिकाणी पाण्यातून जावं लागतं, ते डिसेंबरात बर्फासारखं असतं.

कळसूबाई (१६४६ मीटर, राज्यात सर्वांत उंच) पावसाळ्यात चढतात लोक, बारीतून वाट मळलेली आहे. पण शनिवारी रात्री दोन-तीनशे जण एकाच लोखंडी शिडीच्या खाली ओल्या कठड्याला धरून उभे, हे मी बघितलंय. बुधवारी जा.

---

वीकेंड_प्लॅन

अंब्रेला फॉलचं कुणी सांगितलं नाही.

---

घाटवाटा

तो धबधबा नैसर्गिक नाही हो. भिंतीतल्या मोरीतून पाणी सोडतात तेव्हा ते खालच्या गोल खडकावरून छत्रीसारखं पसरतं. आवर्तन सोडलं तर चालू, नाही तर नुसता खडक. म्हणजे तुमचा अंब्रेला फॉल श्रीरामपूरच्या दादांच्या उसावर अवलंबून आहे.

---

कालव्याच्या_टेलला

हाहा. उपकार मानायला या कधी. रस पाजतो.

---

मिणमिण

काजव्यांबद्दल लिहायचं राहिलं सगळ्यांचं. मेच्या अखेरीस, वळवाच्या सरी झाल्या की दोनेक आठवडे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं लुकलुकतात. पूर्वी आम्ही पाच-सहा जण जायचो. आता शेंडीपासून घाटघरपर्यंत गाड्यांची रांग आणि सगळ्यांचे हेडलाइट चालू. काजव्याचा नर उजेड पाडतो तो मादीला शोधायला. माद्या बऱ्याचदा गवतात, जमिनीलगत. आपण झाडाजवळून फोटो हवा म्हणून गवतात शिरतो आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालू आहे त्यांच्यावरच पाय देतो. वनखातं आता रात्री गाड्या एका वेळेनंतर सोडत नाही, ते उत्तमच. माझ्या मते गाड्या शेंडीतच अडवाव्यात आणि पुढे गावच्या जीपने न्यावं. उजेडही कमी आणि भाडंही गावात.

---

राजूरचा_मास्तर

शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात लिहा. धरणाभोवतीचा शेंडी, मुर्शेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल असा फेरा चाळीसेक किलोमीटरचा आहे. तुमची गाडी टाकी भरून ठाण्याहून येते, डिक्कीत चिवडा, बाटलीबंद पाणी, वेफर. फेरा मारून रात्री परत. या नऊ गावांत तुमचे किती रुपये पडले? बाटल्या मात्र सगळ्या पडतात.

घोटीला एसटीने या, पुढे काळी-पिवळी. एक मुक्काम करा. दुकानातला बासमती मागू नका, घरातला भात खा. जाताना दोन किलो काळभात, नागलीचं पीठ घेऊन जा, घासाघीस करू नका. राजूरचे पेढे घ्या, हे मी गावाच्या अभिमानाने सांगतोय, त्यात तत्त्व वगैरे काही नाही.

---

ओलीचिंब_ठाणेकर

मास्तर, नागलीचं पीठ आणलं नाही याची आता लाज वाटते. मावशींच्या सुनेला आत्ता फोन केला. म्हणाली, आवणी अर्धी राहिली आहे, माणूस मिळत नाही, पाऊस उघडत नाही. मी विचारलं, पुढच्या बुधवारी आम्ही दोघी मैत्रिणी रजा टाकून येऊ का, राहायचे पैसे देऊनच, पण सकाळी वावरात उतरू? ती इतकी हसली की फोन सासूकडे दिला. मावशी म्हणाल्या, "या. पण रोपं उलटी लावशीला."

तर प्रश्न असा: चिखलात काय घालायचं? गमबूट चालतील का? आणि छत्री की रेनकोट?

---

राजूरचा_मास्तर

गमबूट चिखलात राहतील, तुम्ही बाहेर याल. अनवाणी उतरा. छत्री आणू नका, घाटघरच्या वाऱ्याला छत्री म्हणजे खाऊ. रेनकोट आणा, पण वाकून रोप लावताना पाठीला इरलंच बरं पडतं, मावशींकडे जास्तीचं असेल. आणि ताई, पहिल्या दिवशी अर्धा तासच. दुसऱ्या दिवशी कंबर सरळ झाली तर पुढचं ठरवा.

---

वीकेंड_प्लॅन

आवणीला ६ मोठे २ लहान चालतील का? खरंच विचारतोय.